जाळ्याची खिडकी

फार जुन्या काळी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे कोळ्यांचं एक गाव होतं. गावाला राजा होता म्हणे, पण तो लांब राहायचा. गावाचं पोट भरायची ती कोळंबी.

कोळंबी तळाच्या चिखलात राहते. म्हणून कोळी दोन होड्यांच्या मध्ये जाळं बांधून ते तळावरून ओढत न्यायचे. आता समुद्राचा तळ म्हणजे काही आपलं अंगण नव्हे, की हवं तेवढंच झाडून घेतलं. कोळंबीबरोबर माशांची बारीक पिल्लंही जाळ्यात यायची.

त्यासाठी गावात एक रीत होती. जाळी विणणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे आजा म्हणत. आजा प्रत्येक जाळ्याच्या वरच्या अंगाला, शेपटाच्या थोडं अलीकडे, मोठ्या भोकांची एक चौकट विणायचा. तिला म्हणायचे खिडकी. कोळंबी घाबरली की तळाशी दबून मागे सरकते, ती जाळ्याच्या पोटात जायची. मासा घाबरला की वर उसळतो, तो खिडकीतून निघून जायचा. ज्याचं त्याला मिळायचं.

आणखी एक रीत होती. लेक सासरी निघाली, की बापाने स्वतः पकडलेला हातभर लांब जिताडा मासा ती परातीत घेऊन जायची. सासरी तो शिजायचा आणि सगळे पंगतीला बसायचे. जिची परात रिकामी, तिला जन्मभर ‘रित्या परातीची’ म्हणत. लोकांच्या जिभेला हाड नसतं, तेव्हाही नव्हतं.

त्या गावात एक नाखवा होता, म्हणजे होडीचा मालक. मेहनती माणूस, वाईट मुळीच नव्हे. त्याला एकच लेक, सात वर्षांची. तिच्यावर त्याचा भारी जीव.

एकदा जाळं वर घेताना त्याला दिसलं, की खिडकीतून मूठभर कोळंबी निसटली. माणसाची नजर मोठी गमतीची असते. पोटात राहिलेली टोपलीभर कोळंबी त्याला दिसली नाही, निसटलेली मूठ मात्र रात्रंदिवस डोळ्यांपुढे नाचू लागली. ‘माझ्या लेकीच्या लग्नात काही कमी पडायला नको,’ असं म्हणून त्याने सुई-दोरा घेतला आणि खिडकी शिवून टाकली.

दुसऱ्या दिवशी कोळंबी मूठभर जास्त आली. आणि तिच्याबरोबर चार टोपल्या बारीक मासळी. बोटाएवढी, नखाएवढी, कुणाच्याच कामाची नाही अशी. ती त्याने वाळूवर ओतली. कावळे आले, कुत्री आली, त्यांनाही ती संपवता येईना.

लेक त्या ढिगाशी बसून खेळत होती. तिने एक पिल्लू ओंजळीत उचललं. ते अजून तोंड उघडझाप करत होतं.

“बाबा, ह्यो जिताडा हाय ना? ह्याला सोडू?”

नाखवा हसला. “बोटाएवढा जिताडा कुनाच्या कामाचा गो? टाक तितंच.”

तिने टाकला. पोर ती, बापाचं ऐकलं.

आजा काठी टेकत वाळूवर आला. ढिगातली मासळी त्याने काठीने थोडी उकरून पाहिली. मग म्हणाला, “नाखवा, खिडकी उघड. ही समुद्राची पोरं हायेत. घरातली पोरं मारून घर चालत नाय.”

“आजा, हाताशी आलेलं कोन सोडतंय? आन् समुद्र काय आटनार हाय?”

तोवर शेजारच्या होडीवाल्यांनी नाखव्याची टोपली पाहिली होती. एकाने खिडकी शिवली, मग दुसऱ्याने. महिनाभरात गावात एकही खिडकी उरली नाही. “बिनखिडकीचं जाळं माझ्या हातून होनार नाय,” असं सांगून आजाने सुई ठेवून दिली. लोक म्हणाले, म्हातारपणी डोकं चालत नाही. पुढच्या थंडीत तो गेला. त्याची आठवण काढण्यासारखं तेव्हा काही घडत नव्हतं, कारण टोपल्या भरलेल्या होत्या.

वाळूवरचे ढीग कुजत. घरोघरी नाकाला पदर लागले, पुढे नाकांना सवय झाली.

वर्षं गेली. आधी मोठे मासे दिसेनासे झाले. मग मधले. एके वर्षी कोळंबीही कमी आली. लोकांनी समुद्राला नारळ वाहिले, नवस बोलले, एकमेकांवर करणीचे आळ घेतले. शिवणीवर कोणीच बोट ठेवलं नाही.

लेक अठरा वर्षांची झाली. खाडीपलीकडच्या गावात तिचं लग्न ठरलं. नाखवा जिताडा आणायला निघाला. एक दिवस गेला, आठ दिवस गेले. जाळ्यात चिखल येई, शिंपले येत, मूठभर कोळंबी येई. नाखव्याने जेवण सोडलं. तो बायकोला म्हणे, “पोरीला रित्या परातीनं धाडू कसा?”  बायको डोळे पुसून परत चुलीकडे वळे.

लग्नाच्या दिवशी पहाटे एक जिताडा मिळाला. वीतभर लांब. जाळ्याच्या दोरीने त्याच्या शेपटीला खाच पडली होती. नाखव्याने तो पाण्याच्या घागरीत टाकून घरी आणला आणि लेकीसमोर मान खाली घालून बसला.

लेकीने घागरीत पाहिलं. हळद लागलेल्या हातांनी तिने ती घागर उचलली.

“बाबा, ह्याला सोडू?”

तेव्हा नाखव्याला तो ढीग आठवला. ओंजळीतलं ते पिल्लू आठवलं. त्याला सोडलं असतं, तर आज तो केवढा झाला असता, हेही कळलं. 

“आन् तुझी परात, पोरी?”

“माझी रिती राहू दे. ह्यो मोठा झाला तं माझ्या लेकीच्या लग्नाला व्हईल.”

तिने खाडीवर जाऊन मासा सोडला. मग रिकामी परात मांडीवर घेऊन ती होडीत बसली. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींकडे बघून काही कुजबुजल्या. लेकीने ऐकलं आणि परातीवर पदर ओढून घेतला. होडी पलीकडे पोहोचेपर्यंत नाखवा गुडघाभर पाण्यात उभा होता.

घरी येऊन त्याने जाळं अंगणात पसरलं आणि दातांनी एकेक टाका तोडला. अकरा वर्षांनी खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते जाळं खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर आला. शेजारची होडी नुकतीच लागली होती. शेजारी वाळूवर टोपली उपडी करत होता. ढीग आता लहानसाच व्हायचा. त्या ढिगात, अगदी वरच, वीतभर लांबीचा एक जिताडा पडला होता. शेपटीला खाच होती.

नाखवा खाली बसला. त्याने मासा हातात घेतला, पाण्यात नेला, पुढे-मागे हलवला. मासा हलला नाही.

“आरं, खिडकी का नाय ठेवलीस?” तो ओरडला.

शेजाऱ्याने गोंधळून टोपली खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, “नाखवा, तुमीच तं शिवायला शिकवलंत.”

 पुढे नाखवा मरेपर्यंत घरोघर फिरून लोकांना खिडकी उघडायला सांगत राहिला. काहींनी उघडली. पण तोवर त्यातून बाहेर जाण्यासारखं खाडीत फारसं काही उरलं नव्हतं. त्या गावच्या लेकी अजूनही रिकाम्या पराती घेऊन सासरी जातात, आणि आता त्यांना कोणी हसतही नाही.

लहानथोर सगळ्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच: समुद्राची पोरं जो समुद्राला परत देत नाही, त्याच्या पोरांच्या ताटात समुद्र काही वाढत नाही.