आवडी आणि ढोलीतली बाळंतीण

एक होती आवडी. राणी नाही, राणीची दासीसुद्धा नाही. रानाकडेला राहणारी साधी बाई. पण पाखरांचं तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कोण काय खातं, अंडी कधी घालतं, सगळं बघून बघून शिकली. लोक म्हणायचे, "येडी आहे." म्हणू दे मेल्यांना. बघायला अक्कल लागते, बोलायला काय लागतं?

तेव्हा रान दाट होतं, बरं का. भरदुपारी वाटेवर ऊन पडायचं नाही. धनेश पाखरू डोक्यावरून गेलं की पंखांचा केवढा आवाज व्हायचा! मी ऐकलाय. तुमच्या नशिबी नाही.

मग काय झालं, राजाची लेक बाळंतपणाला माहेरी आली. राजा म्हणाला, नातवंडाला पाळणा करायचा तर रानातल्या सगळ्यात जुन्या आंब्याच्या लाकडाचाच.

पहिल्या दिवशी सुतार आले. आंब्याला ढोली होती, तिच्या फटीतून भलीमोठी चोच बाहेर आली. "भूत! भूत!" कुऱ्हाडी टाकून पळाले.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. आवडी बुंध्याला पाठ लावून बसली. हलेचना. ए पोरा, झोपलास काय? पाय पांघरुणात घे, गोष्ट संपली नाही.

तिसऱ्या दिवशी राजाच आला. लेकही हट्टानं मेण्यात बसून आली.

"ऊठ. झाड माझं आहे."

"झाड तुमचंच, महाराज. पण आत बाळंतीण आहे."

"झाडात बाळंतीण?" राजा हसला.

मग आवडीनं सांगितलं. धनेशाची मादी ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. पिसं गळतात, उडता येत नाही. झाड पडलं की ती मेली, पिल्लंही मेली.

तेवढ्यात नर आला. एक उंबर फटीतून भरवलं. मग दुसरं. मग तिसरं.

लेक म्हणाली, "आबासाहेब, बाळंतिणीला घराबाहेर काढून माझ्या बाळाला पाळणा? मी झोळी बांधीन."

राजा खाली मान घालून परत गेला. लेकीला मुलगी झाली. झोळीत वाढली, आवडीच्या मागं मागं हिंडून पाखरं बघायला शिकली.

पुढे आवडी म्हातारी होऊन गेली. पण त्या गावात झाड तोडण्याआधी अजून बुंध्यावर थाप मारून विचारतात, "आत कुणी आहे का?" आणि मग दिवसभर खाली बसून बघतात. बाळंतीण ओ देईलच असं नाही ना!

झालं. झाडंही राहिली, पाखरंही राहिली, माणसंही सुखानं नांदली. मिटा डोळे. आता जो बोलेल त्याला धपाटा.