चिमूटभर रोधक

“अजून किती अडवणार आहात मला, सर?”

जालिंदर खोत प्रयोगशाळेच्या दारातूनच बोलला. खांद्यावरची पिशवीही त्याने खाली ठेवली नव्हती.

प्रभुणे सर काचेची नळी धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सर मोजकं बोलत. कॉलेजातली पोरं माघारी त्यांना मौनीबुवा म्हणत. पण रेणूंची साखळी कशी घडते हे शिकायचं, तर लांबलांबून पोरं याच बुवांचं दार धरत.

त्यांत जालिंदर सर्वांत हुशार. ते त्यालाही ठाऊक होतं, हीच अडचण होती.

त्याने व्हायनिल पिरिडिन आणि स्टायरिन ही दोन द्रव्यं एकाच साखळीत ओवली होती. पहिल्यातला नायट्रोजन तांब्याला धरून ठेवतो. त्या साखळीची पूड घाण पाण्यात टाकली, की पाण्यातलं तांबं तिला चिकटून येई. एका कारखान्याने हे पाहिलं आणि त्याला बोलावलं. मोठं भांडं, हाताखाली माणसं. फक्त सरांचा होकार हवा होता.

आणि सर दर वेळी एकच शब्द बोलत होते. थांब.

“काम चुकलंय का माझं?”

“नाही.”

“मग?”

…

“तिथे भांड्याभोवती माणसं असतील,” सर म्हणाले.

“असू देत की! साखळी मला कळते, सर. एक रेणू दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा. शेवटच्याचा एक हात मोकळाच राहतो. तोच पुढच्याला ओढतो. संपलं!”

“आणि थांबवायची कशी?”

“थांबवायची कशाला?”

सर नळी पुसू लागले.

व्हायनिल पिरिडिन विकत येतं, तेव्हा त्यात चिमूटभर रोधक घातलेला असतो. तो मोकळा हात धरतो आणि पुढे कुणाला देत नाही. म्हणून द्रव्य बाटलीत पातळ राहतं. साखळी करायची, तर आधी हा रोधक काढावा लागतो. सरांचा दंडक असा, की आजच्या कामापुरत्या द्रव्यातूनच काढायचा. उद्याचं उद्या. रोज सकाळी द्रव्य उकळा, वाफ गार करा, आणि तो डोकं उठवणारा वास पुन्हा सोसा.

जालिंदरला यात वाण्याच्या दुकानात पुड्या बांधल्यासारखं वाटे.

“एक सांगायचं राहिलं, सर,” तो आता जरा ताठ झाला. “उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी अख्खी मोठी बाटली शुद्ध करून ठेवलीय. रोधकाचा मागमूस नाही. इतकं शुद्ध द्रव्य या खोलीत कुणी केलं नसेल.”

सरांचा हात थांबला.

“कुठे ठेवलीस?”

“माझ्या कपाटात, कुलपात. फ्रिजमध्ये सगळेच हात घालतात.”

“आण. या पेल्यात थोडं ओत. ओतलंस, की जा कारखान्यात.”

जालिंदरला हसू आवरेना. एवढ्यावर सुटका? कुलूप काढेपर्यंत त्याने मनात सामान बांधूनही टाकलं.

उजेड लागू नये म्हणून बाटली काळ्या फडक्यात गुंडाळलेली होती. त्याने बूच काढलं आणि बाटली पेल्यावर कलती केली.

काही आलं नाही.

त्याने आणखी कलती केली. मग पार उलटी धरली. मग हलवली.

फडकं सुटून खाली पडलं. आत डिंकाच्या जुन्या खड्यासारखा एक पिवळट तपकिरी गोळा होता. बाटलीभर.

कुणी हात लावला नव्हता. कुणी सुरुवात करून दिली नव्हती. बंद खोलीत, उन्हाळ्याच्या उकाड्यात द्रव्य आपलं आपणच जुळत गेलं होतं.

…

सरांनी फ्रिजमधून आपली अर्धी बाटली आणली. जुनी, रोधक असलेली. पेल्यावर धरली. बारीक धार लागली. खोलीभर तो कुजका वास पसरला. सरांनी बूच लावलं.

जालिंदर त्या धारेकडे बघत होता, पण त्याला दिसत होतं कारखान्यातलं भांडं. पुरुषभर उंच. त्यातलं द्रव्य असंच घट्ट होत गेलं असतं, तर तापत जाऊन भांडं फुटलं असतं. आणि भोवती माणसं. त्यांच्या घरच्यांना त्याने काय सांगितलं असतं? द्रव्य शुद्ध होतं म्हणून?



“सर… कारखान्याला काय कळवू?”

“ते तुझं तू बघ.”

…

त्याने हातातली बाटली हळूच सरळ केली. तिच्यातून सांडण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी केली. बूच लावलं. पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

“नाही म्हणून कळवतो. मी थांबतो, सर.”

प्रभुणे सरांनी तेव्हा कुठे त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी ती पिशवी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“आता जा.”