शीळ घालणाऱ्या कस्तुराचा कडा

ते बघा, कड्याच्या पोटाला काळी पोळी लोंबताहेत ना, ती आग्या माश्यांची. आणि आत्ता ज्या शिळेनं तुम्ही सगळे वळून बघितलंत, तो माणूस नव्हे हो, शीळकरी कस्तूर. पाखरू आहे. सगळेच फसतात.

फार पूर्वी इथं कमाजी नावाचा मध काढणारा होता म्हणे. तो दोरानं खाली उतरायचा आणि वर दोर धरायचा त्याचा मेहुणा, बुधा. दोर मेहुण्यानंच धरायचा, ही आमची रीतच आहे. आपल्या बहिणीच्या नवऱ्याला कोण सोडून देईल? वरून खालचा माणूस दिसत नाही, म्हणून खालच्यानं शीळ घातली की वरच्यानं ओढायचं.

पण कस्तुरानं नेमकं पोळ्यांशेजारच्या कपारीत घरटं केलं. तो शीळ घाली, बुधा दोर ओढी, आणि कमाजी रिकाम्या हातानं वर! कमाजी भारी तापट. म्हणाला, "माशी बघ, गुमान राबते, मध देते. हा ऐतखाऊ नुसत्या शिळा घालतो. आज घरटंच फेकतो त्याचं. तू फक्त माझ्या शिळेला ओढ."

उतरला, कपारीत हात घातला. आत उघडीवाघडी पिल्लं, चोची वासून बसलेली. कमाजीचं स्वतःचं लेकरू तेव्हा पाळण्यात होतं. त्यानं हात मागं घेतला, असं सांगतात.

तेवढ्यात वारा फिरला, माश्या हटवायला केलेला धूर उलटला आणि माश्या उठल्या. तोंडाला अशा डसल्या की ओठ टम्म सुजले. शीळ कसली, हाकसुद्धा फुटेना. दोर हलवावा, तर तो वाऱ्यानं तसाही हलत होता.

आणि कस्तुरानं शीळ घातली.

वर बुधा घुटमळला. दाजींची, की पाखराची? दाजींनी तर बजावलेलं. शेजारी उभी असलेली बहीण, ठकूबाई, ओरडली, "अरे, कुणाची का असेना! तू ओढ आधी!"

ओढलं. कमाजी ओळखू येत नव्हता, पण जिवंत होता. पाखराला दया आली, असं म्हणतात. मला विचाराल तर ते आपल्या पिल्लांपायी ओरडलं असेल. असेना का!

आजही आम्ही शीळ कुणाची ते बघत नाही, ऐकली की ओढतो. परवाच मी आमच्या दाजींना वर ओढलं, मधाची बादली कोरडी ठणठणीत. मला आणि त्या पाखराला घरापर्यंत शिव्या घालत आले. बहीण दारातच उभी होती. शिव्या ऐकू आल्या, तशी हसली आणि भाकरी थापायला आत गेली.