दीड किलोचा आळ

"...पाणी नाही, तर मग हे दीड किलो आलं कुठून, सर?"

डॉ. निनाद देसले यांनी हे विचारलं तेव्हा द्वारकाबाई महाजन अजून वजनकाट्यावरच उभ्या होत्या. काटा सत्तेचाळीस दाखवत होता. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्या साडेपंचेचाळीस घेऊन यायच्या.

सर म्हणजे डॉ. खैरनार. आमचं डायलिसिस युनिट त्यांनीच उभं केलं. आता निवृत्त झालेत, पण दर मंगळवारी चक्कर मारतात. मी तिथला तंत्रज्ञ, अकरा वर्षं मशीन लावतोय.

अंगात साठलेलं जादा पाणी काढून टाकल्यावर माणसाचं जे वजन उरतं, त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो. बाईंचं चव्वेचाळीस होतं. ते आता युनिट सांभाळणाऱ्या देसल्यांनी ठरवलं होतं, आणि देसल्यांनी ठरवलेलं हलत नसे. हुशार माणूस. पेशंटचं चोरून प्यालेलं पाणी ते बरोब्बर पकडतात, असा त्यांचा लौकिक होता. तो त्यांनाही ठाऊक होता, हीच काय ती अडचण.

दोन महिन्यांपासून चव्वेचाळीसवर आणताना बाईंच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, रक्तदाब घसरायचा, मशीन मध्येच थांबवावं लागायचं. शनिवारी देसल्यांनी सगळ्या वॉर्डासमोर, चोरून पाणी पिता म्हणत, त्यांना खोटारडं ठरवलं आणि हट्टानं तीन किलो ओढले. बाईंचे डोळे पांढरे झाले. शुद्धीवर यायला दहा मिनिटं लागली.

आज त्या मशीनवर झोपायला आल्याच नव्हत्या. यापुढे येणार नाही, एवढं सांगायला आल्या होत्या. सवयीनं आधी काट्यावर चढल्या, इतकंच.

डायलिसिस सोडलं की अशा माणसानं पंधरवडा काढणं कठीण. बाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

"मेले तरी चालेल," त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "पण चोर म्हणून नाही झोपणार तिथं."

सरांनी बाईंना खुर्चीवर बसवलं. नडगीवर अंगठा दाबून धरला, सोडला... खळगा पडला नाही. छाती ऐकली. मानेची शीर पाहिली. रात्री किती उशा घेता, असं विचारलं. एकच, बाई म्हणाल्या. छातीत पाणी साठलं की एका उशीवर झोप लागत नाही.

"सूज नाही, मान्य," देसले म्हणाले. "पण पाणी लपून बसतं. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं."

मग सर बाईंकडे वळून म्हणाले, डबा आणलाय का?

बाईंच्या पिशवीत डबा असायचाच, परतीच्या एसटीत खायला. त्यांनी तो काढला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर ठेच्याचं बोट.

"खा," सर म्हणाले.

बाई गोंधळल्या. देसल्यांनी घड्याळ पाहिलं. सरांनी स्टूल ओढलं आणि बाईंसमोर निवांत बसले, जणू त्यांच्याच घरी पाहुणे आलेत.

बाईंनी भाकरीची कड मोडली. चांगली कडक होती, मोडल्याचा आवाज मला मशीनपाशी ऐकू आला. घास घ्यायला पदर खाली गेला.

बाईंच्या तोंडात दात होते. वरचे, खालचे, सगळे.

चार वर्षं मी या बाईंना बोळकं म्हणूनच ओळखत होतो. दुधात कुस्करलेली भाकरी, पातळ वरण, तेवढंच त्यांच्या पोटात जायचं. आठवड्यातून तीनदा त्यांच्या हातात सुया टोचतो मी, आणि माझंही तोंडाकडे लक्ष गेलं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय.

अडीच-तीन महिन्यांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली, तिनं हट्टानं कवळी बसवून दिली, असं बाईंनी सरांना सांगितलं. सांगताना किंचित हसल्या. आता दोन्ही वेळा अख्खी भाकरी जाते म्हणाल्या.

सरांनी त्यांच्या दंडाला हात लावला, मग देसल्यांना लावायला सांगितलं. देसल्यांनी दंड चाचपला... हात काढून घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मांस आहे," ते हळूच म्हणाले. "आपण ते पाणी म्हणून ओढत होतो."

त्या दिवशी सरांनी बाईंना गळ घातली, आणि दीडच किलो काढायला लावलं. चार तास झाले. गोळे आले नाहीत, रक्तदाब जागचा हलला नाही. बाई आपल्या आपण उठून बसल्या आणि चपला शोधू लागल्या.

देसले त्यांच्यापाशी गेले. शनिवारी ज्यांच्या ज्यांच्या समोर बोलले होते, ते सगळे आज नव्हते. जे होते त्यांच्यासमोर त्यांनी हात जोडले आणि आपलं चुकलं म्हणून सांगितलं. बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

"गुरुवारी येते," म्हणाल्या, आणि गेल्या.

सर बेसिनवर हात धूत होते. देसले मागे जाऊन उभे राहिले. मनात काही तरी टोचत असावं.

"पण सर, कवळी बसवलीय, हे त्यांनी एकदा तरी सांगायचं होतं ना?"

सरांनी नळ बंद केला. नॅपकिनला एकेक बोट पुसलं...

"देसले, दोन महिन्यांत तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत... बाई, जेवलात का?"