सवतीचा कोंडवाडा

या, इकडे सावलीला उभे राहा. हाच तो. सरकारी कागदात नुसता 'कोंडवाडा' लिहिलाय, पण गावात कुणालाही विचारा, 'सवतीचा कोंडवाडा' म्हटल्याशिवाय वाट सांगणार नाहीत. भिंत जुनी आहे, दगड न् दगड हातानं बसवलेला. आत सध्या एक गाढव आणि दोन कालवडी आहेत. त्यांचे मालक यायचे आहेत.

तुम्ही नगरपालिकेची माणसं सकाळी किल्ल्यावर जाऊन आलात, कळलं मला. तिथली मोकाट कुत्री बघायला. असू दे. सगळे आधी किल्ल्यावरच जातात. किल्ल्याला पाटी आहे, दिवे आहेत, चढायला नव्या पायऱ्या आहेत. आमच्या गवळीगल्लीत नळाचं पाणीसुद्धा सगळ्यांत शेवटी येतं. माझ्या पोटात दुखतं ते, उगीच कशाला लपवू? आणि ही गोष्टही जळण्याचीच आहे, म्हणून ती या गिरजाक्कानंच, म्हणजे मीच सांगावी असं गल्लीतली माणसं म्हणतात.

जनावरांचे नियम नवे करताय ना? मोकाट गुरं धरायची कशी, ठेवायची कुठं, परत द्यायची कुणाला. मघाशी हे साहेब विचारत होते, मालक खरा कोण ते कशावरून ठरवायचं. कानात बिल्ला घालणार म्हणाले. घाला, बिल्ला चांगला आहे. पण आमच्याकडं कसं ठरतं तेही ऐका, मग लिहा काय लिहायचं ते.

फार मागची गोष्ट, असं सांगतात. या गल्लीत नागू गवळी राहायचा. त्याची एक म्हैस होती, मोहना. आता म्हशीचं नाव मोहना ठेवणारा माणूस कसा असेल ते तुम्हीच ओळखा. सकाळी उठला की मोहना, नदीवर नेताना मोहना, धार काढताना तर गाणंच. गल्लीच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाला ऐकू जायची. शिंगांना तेल लावायचा, गळ्यात निळ्या मण्यांची माळ घातलेली.

घरात बायको होती. तिचं नाव? थांबा, सांगते. त्या काळात नवरा बायकोला नावानं हाक मारत नव्हता. 'अगं ए', 'ऐकलंस का', झालं. लग्न होऊन ती या गल्लीत आली, त्या दिवसापासून तिचं नाव कुणाच्या तोंडून तिच्या कानावर पडलं नव्हतं. सासू होती तेव्हा 'सूनबाई', सासू गेल्यावर 'नागूची बायको'. आणि म्हशीचं नाव मात्र दिवसभर गल्लीत घुमायचं. कसं सोसावं तिनं? म्हशीला माळ घातली याचा तिला राग नव्हता म्हणे. नाव ऐकू आलं की मात्र तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हशीचं सगळं करायची कोण? तीच. नागू लाड करायचा. शेण काढणं, पाणी पाजणं, पेंड कालवणं हिच्या वाट्याला. पाटी गव्हाणीत आदळायची आणि म्हणायची, "घे सवती, गीळ." पाण्याची बादली ठेवायची, "ढोस, सवती." मोहना हे नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. काढणार नाही, असं तिनं मनाशी ठरवलंच होतं.

एकदा नागू बहिणीच्या गावाला निघाला. दारातून बाहेर पडताना म्हशीजवळ गेला, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मोहना, येतो हां." बायको उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडं बघून म्हणाला, "अगं ए, हिला जप."

तो वळणापलीकडं गेला आणि हिनं म्हशीचं दावं सोडलं. जा म्हणाली, जा कुठं जायचंय तिकडं. तिचं रेडकू घरात बांधलेलं होतं. म्हैस थोडी घुटमळली, मग चालू लागली. ती शिरली ठाणेदाराच्या मळ्यात. तिथल्या माणसांनी धरली आणि इथं आणून कोंडली.

त्या वेळचा कायदा कडक होता, म्हणे. दुसऱ्याचं जनावर आपलं म्हणून सोडवून नेणारे लबाड फार झाले होते. म्हणून ठाणेदारानं नियम केला की मालकाच्या घरच्या माणसानं इथं यावं आणि धन्याचं नाव स्वतःच्या तोंडानं स्वच्छ सांगावं. दुसऱ्यानं सांगितलेलं चालणार नाही. दिवस मावळेपर्यंत कुणी आलं नाही, तर जनावर नदीपलीकडच्या बाजारवाल्यांच्या हवाली. ते घेऊन गेले की परत यायचं नाव नाही.

बातमी कळली तेव्हा बाई घरात निवांत बसली होती. बरं झालं, म्हणाली. दुपारपर्यंत तिला खरंच बरं वाटत होतं, असं सांगतात. मग रेडकू ओरडायला लागलं. धारेची वेळ झाली तसं ते दाव्याला हिसके द्यायला लागलं. तिनं ताक पाजून बघितलं, तोंड फिरवलं त्यानं. आणि कोंडवाड्यातून म्हैस ओरडत होती, ते इथून घरापर्यंत ऐकू जात होतं. आई एकीकडं, लेकरू एकीकडं. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. पदर खोचला आणि धावत इथं आली.

राखणीला रायाजी नाईक होता. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकणारा नव्हता. बाजारवाले दोर घेऊन इथंच बसलेले.

नाईकानं विचारलं, "धनी कोण?"

आता आली का पंचाईत? नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्या वेळच्या बायका मानायच्या. ती म्हणाली, "घरचे गावाला गेलेत."

"घरचे म्हणजे कोण? नाव सांग."

"तुम्हाला ठाऊक आहे की, नाईक."

"मला ठाऊक असून चालत नाही, बाई. तुझ्या तोंडून यायला पाहिजे."

माणसं जमली. हसायला लागली. सगळ्यांना नाव ठाऊक, पण सांगून उपयोग नाही आणि मजा तर चाललेली. ऊन भिंतीवर चढत गेलं. बाजारवाल्यानं उठून म्हशीच्या गळ्यात दोर टाकला.

तेव्हा ती म्हणाली, "धनी मी आहे. माझं नाव सुंद्रा."

बाई कधी धनी असते का, असं कुणीतरी पुटपुटलं. नाईक विचारात पडला. नियमात धन्याचं नाव पाहिजे असं होतं, धनी पुरुषच पाहिजे असं नव्हतं. तो म्हणाला, "तुझी आहे ना? मग हाक मार. आली तर तुझी."

सुंद्रानं डोळे मिटले आणि जन्मात कधी घेतलं नव्हतं ते नाव घेतलं. "मोहना." म्हशीनं कानसुद्धा हलवला नाही. पुन्हा हाक मारली, गोड आवाज काढून. म्हैस आपली भिंतीकडं तोंड करून उभी. या तोंडून हे नाव तिनं ऐकलंच नव्हतं, तर तिला कळावं कसं? लोक पुन्हा हसले. बाजारवाला दोर ओढायला लागला.

मग मात्र सुंद्राचा तोल सुटला. रडत, चिडून ओरडली, "अगं सवती, येतेस का नाही? पोर मरतंय तिकडं."

म्हशीनं मान वळवली. बाजारवाल्याच्या हातून दोर हिसडला आणि सरळ येऊन हिच्या पदरात तोंड खुपसून पेंड शोधायला लागली. रोज याच हाकेवर तिचं पोट भरत होतं. नाईकानं चौकटीचा अडसर काढला आणि मोठ्यानं पुकारा केला, "सुंद्राची म्हैस, सुंद्रा घेऊन चालली." सुंद्रा तिच्या गळ्यात पडून रडली, असं म्हणतात. म्हशीसाठी रडली का स्वतःचं नाव ऐकून रडली, ते आमच्या आज्यासुद्धा सांगू शकत नव्हत्या.

ठाणेदारानं नंतर नियमच बदलला. जनावर ज्याच्या आवाजाला येईल, त्याचं. म्हणून इथं आजही जनावर सोडवायला आलेलं माणूस चौकटीत उभं राहतं आणि घरी त्याला जशी हाक मारतं तशीच मारतं, मग ती शिवी का असेना. तुमच्या बिल्ल्याशेजारी एवढी एक ओळ लिहिलीत तर बरं होईल, मॅडम.

नागूचं काय झालं म्हणता? तो परत आला तेव्हा गल्लीत सगळी 'सुंद्राची म्हैस' म्हणायला लागलेली. पोरंसोरं म्हणत होती, देवळातले म्हातारे म्हणत होते. आणि त्याला ते लागलं. आपल्या बायकोचं नाव अख्ख्या गावानं घ्यावं आणि आपण एकट्यानं घेऊ नये? जळायची पाळी आता त्याची होती. दोन दिवस धुसफुसला, जेवला नाही. मग एका संध्याकाळी दारात आला आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात त्यानं हाक मारली, "सुंद्रा."

ती चुलीपाशी होती. ऐकलं तिनं, पण ओ दिली नाही. त्यानं पुन्हा मारावी म्हणून.

आजही आमच्या गल्लीतली बाई नवऱ्याच्या पहिल्या हाकेला ओ देत नाही.