टायपिस्टची खुर्ची

कारखानदार रणधीरराव घोरपड्यांनी कोल्हापुरात जुन्या इटालियन ऑफिस-खुर्च्यांचा संग्रह जमवला होता. संग्रहाच्या दालनात पाहुण्यांनी बसायचं आणि नोकरांनी उभं राहायचं, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे टायपिस्ट इंदुताई सुजलेल्या गुडघ्यांनिशी दिवसभर तिथे उभ्यानेच प्रत्येक खुर्चीवर लावायच्या माहितीच्या चिठ्ठ्या टाईप करत.

बातमीदार सबनीस मुलाखतीला आले, ऐसपैस बसले. रणधीरराव फुशारले, "माझ्या संग्रहात एक उणीव दाखवा, म्हणाल ते देईन!"

सबनीस आपली वही चाळू लागले. मागून इंदुताई म्हणाल्या, "साहेब, मी सांगू?"

"तुम्ही? सांगा की!" रणधीरराव हसले.

"या लाल खुर्चीची चिठ्ठी तुम्हीच सांगितलीत. मिलानमध्ये ही खास टायपिस्टसाठी घडवली, म्हणालात. साठ वर्षांनी खुर्ची इथवर आली, टायपिस्टही समोरच आहे. फक्त दोघींची गाठ पडायची राहिलीय."

रणधीररावांचा चेहरा उतरला. पाहुण्यासमोर शब्द दिलेला. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली.

सबनीस मात्र ताडकन उठले. चाळीस वर्षं अन्यायावर लिहिणारा हा माणूस तासभर त्या बाईंसमोर बसून होता. वहीत प्रत्येक खुर्चीचं नाव होतं.

मान खाली घालून त्यांनी विचारलं, "बाई, आपलं नाव काय?"