गुळगुळ्या आणि जागं धुकं

पाय पांघरुणात घ्या बरं आधी. दोघांचेही. शर्वू, तुझा एक बाहेर आहे, दिसतोय मला. हं. गोष्ट पायांचीच आहे, म्हणून म्हटलं.

तर एकदा काय झालं, ढग जिथे विसाव्याला उतरतात ना, त्या उंच डोंगरावर एक राजा राहत होता. त्याच्या राणीचं नाव केवडा. आणि त्यांची मुलगी इवली. इवली नुकतीच चालायला लागली होती, आणि बोलायला लागायच्या बेतात होती.

त्या डोंगरावर धुकं राहायचं. आपल्याकडे येतं आणि जातं, तसं नाही. तिथे ते राहायचंच. दुपारी उठायचं, कौलांवरून हिंडायचं, गाईंच्या शिंगांना लोंबायचं. आणि संध्याकाळी राजवाड्यातल्या लहान मुलाचा डोळा लागला की तेही हळूच दरीत उतरून झोपायचं. मग दुसऱ्या दिवशी ते लोळत पडलेलं असे, तोवर डोंगरावर ऊन. त्या उन्हात नाचणी पिकायची, गोधड्या वाळायच्या. धुकं असं का करायचं, ते मला विचारू नका. मी गोष्ट सांगतेय तीच चाचपडत. तिथली रीतच होती तशी.

पण त्या वर्षी इवली झोपेना.

पाय गार पडायचे तिचे. अगदी माठाच्या पाण्यासारखे. राणीने लोकरीचे मोजे घातले, इवलीने ते लाथाडले. मग कापडात गुंडाळून गरम वीट ठेवली, ती घटकाभरात गार झाली. मग शेगडी ठेवली, तर धुराने इवलीला ठसका लागला. ती उठून बसायची आणि रडायची. आणि ती झोपत नाही म्हटल्यावर धुकंही झोपेना. खिडकीशी येऊन वाट बघत राहायचं. त्याचे डोळे जड झाले, चाल अडखळायला लागली. दिवसाही ते शेतांवरच पेंगत पडलेलं. नाचणी हिरवीच राहिली. गोधड्यांना कुबट वास यायला लागला. नाचणी पिकली नाही तर पुढचं वर्षभर खायचं काय, सांगा बरं?

लोक राजवाड्याच्या दाराशी यायचे. "राणीसरकार, काल तरी झोपली का?"

"नाही हो," राणी म्हणायची.

मग प्रत्येक जण काहीतरी सांगून जायचा. कुणी म्हणे जायफळ द्या, कुणी म्हणे उशीची दिशा बदला. बाळ झोपत नसलं की साऱ्या गावाला बोलायचा हक्क मिळतो, बरं का. राणी सगळं ऐकायची. सगळं करूनही बघायची. आणि मनात म्हणायची, माझंच काहीतरी चुकतंय.

ही बातमी वाहत वाहत समुद्रापलीकडच्या एका राजापर्यंत गेली. त्याने एक भेट पाठवली. दोन हमाल टोपली घेऊन आले, "राजकन्येसाठी" एवढंच म्हणाले, आणि माघारी वळले ते धुक्यात विरघळून गेले. नीट विचारायलाही कुणी उरलं नाही.

टोपलीत होतं एक कुत्रं. काळंभोर, आणि अंगावर एक केस नाही. नदीतून काढलेल्या गोट्यासारखं गुळगुळीत. कान अळूच्या पानांएवढे. टाळूवर तेवढे चार केस, वाऱ्यावर हलणारे. सगळे त्याला गुळगुळ्या म्हणायला लागले.

इवली टाळ्या वाजवत पुढे आली. आणि राणी मधे आडवी.

"अगंबाई, याला खरूज झालीये. इवलीला लांब घ्या आधी."

त्या डोंगरावर केस नसलेलं काही कुणी पाहिलंच नव्हतं ना. तिथल्या मेंढ्या केसाळ, मांजरं केसाळ, दगडांवरसुद्धा शेवाळ. मग राणीने हाताला पदर गुंडाळला, टोपली उचलली आणि दूर मागच्या पडवीत नेऊन ठेवली.

राजा म्हणाला, "परत पाठवू या."

"अहो, आजारी जिवाला कुठे पाठवता? बरा करू, मग पाठवू."

राणी घाबरट होती, पण दुष्ट नव्हती.

आधी आले वैद्यबुवा. त्यांनी कडुनिंब आणि हळद वाटून जाड लेप दिला. गुळगुळ्या पिवळाधमक झाला. लेप वाळला तशी कातडी ओढली गेली, तिला भेगा पडल्या. केस काही आले नाहीत.

मग आल्या आईसाहेब, म्हणजे राणीच्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "सूनबाई, याचं जावळच काढलेलं नाही. जावळ काढलं की दाट केस येतात. तुझ्या नवऱ्याचं बघ."

"आईसाहेब, पण काढायचं काय? चारच तर आहेत."

"चार तर चार."

जावळ मामाच्या मांडीवर काढतात, ठाऊक आहे ना? तुमचंही तसंच काढलं होतं, आणि दोघांनी मामाचं धोतर भिजवलं होतं. तर राणीच्या भावाला बोलावणं गेलं. तो बिचारा डोक्याला फेटा बांधून पाटावर बसला. मांडीवर पिवळा कुत्रा. न्हावी आला, वस्तरा परजला आणि ते चार केस काढले. औक्षण झालं, पेढे वाटले.

"अभिनंदन," राजा मेहुण्याला म्हणाला. "तोंडावळा तुमच्यावरच गेलाय."

केस मात्र आले नाहीत. होते ते चारही गेले.

मग आली इवलीला न्हाऊमाखू घालणारी सुईण. तिने तिळाचं तेल वाटी वाटी चोपडलं. सकाळी चोपड, संध्याकाळी चोपड. गुळगुळ्या इतका निसरडा झाला की उचलला की हातातून सुळकन निसटायचा. केस आले नाहीत ते नाहीतच. पण पाठीवर, पोटावर बारीक बारीक पुळ्या आल्या. त्यात थंडी. तो थरथर कापायला लागला. कान पाडून कोपऱ्यात बसायला लागला.

तिकडे इवली दाराच्या फटीतून हाक मारायची, "गुगुल्या." आणि कुणीतरी तिला उचलून न्यायचं.

एका दुपारी सुईण म्हणाली, "सरकार, मी नाही आता याला हात लावायची. माझ्या सुनेला दिवस गेलेत. काय असेल नसेल ते घरी नको न्यायला."

तिचंही खरंच होतं. मग राणी स्वतः बसली. कोमट पाणी घेतलं, तेल निघावं म्हणून डाळीचं पीठ घेतलं, हाताला पदर गुंडाळला आणि हळूहळू धुवायला लागली. धुता धुता पदर भिजला. जड झाला. सुटला. आणि राणीचा उघडा हात पहिल्यांदा गुळगुळ्याच्या पाठीवर पडला.

गरम. तव्यावरून उतरलेली भाकरी फडक्यात धरावी, तसा गरम.

राणीला वाटलं, ताप. माझ्या उपायांनी याला ताप आणला. पण नाक बघितलं तर गार. पुढ्यात भात ठेवला तर चाटूनपुसून खाल्ला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती ओल्या हातांनी उठली आणि अंगणातल्या धनगरी कुत्र्याजवळ गेली. त्याच्या दाट केसांत बोटं खुपसली, पार कातडीपर्यंत. तिथेही तेवढीच ऊब. अगदी तेवढीच. फक्त केसांच्या आत लपवून ठेवलेली.

म्हणजे याला झालेलं काहीच नाही. हा आहेच असा. ऊब अंगावर उघडी घेऊन फिरणारा.

आता तुम्ही म्हणाल, मग तिने लगेच त्याला इवलीजवळ नेलं. नाही नेलं. आई होती ना ती. आधी तिने त्याला स्वतःच्या मांडीवर घेतलं. दिवसभर मांडीवर, आणि रोज उठून स्वतःचे हात खालीवर करून बघायचे, कुठे लाल नाही ना, कुठे खाजत नाही ना.

आईसाहेब म्हणाल्या, "सूनबाई, हातावर काही उगवणार आहे का?"

"तेच बघतेय, आईसाहेब."

काही उगवलं नाही. उलट मांडीवर बसून बसून गुळगुळ्याच तिला समजत गेला. त्याला अधूनमधून कोमट पाण्याने अंघोळ हवी. मऊ कापडाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. तेल लावायचंच तर एक थेंब, तोही तळहातावर चोळून आणि कातडी कोरडी पडली असेल तरच. आणि गार वाऱ्यात जाताना अंगात काहीतरी हवं. मग राणीने इवलीची जुनी कुंची उसवून त्याला पोटाशी बांधायचे बंद असलेली कुंची शिवली. कानांना वेगळी भोकं ठेवली. पुळ्या गेल्या. भेगा भरल्या. गुळगुळ्या शेपूट हलवायला लागला, आणि शेपटीबरोबर सगळाच हलायला लागला.

मग एका संध्याकाळी राणी त्याला घेऊन इवलीच्या खोलीत गेली. कुंची काढली. त्याला अंथरुणात इवलीच्या पायाशी ठेवलं. आणि आपण श्वास धरून भिंतीशी उभी राहिली.

राजा दारातून म्हणाला, "आता काय?"

"गप्प बसा हो."

इवलीने एक पाऊल पुढे केलं. ते गार पाऊल गुळगुळ्याच्या पोटाला लागलं. तो जरासा दचकला. मग त्याने एक उसासा सोडला आणि त्या पावलाभोवती गोल झाला, मांजर सुपाएवढ्या जागेत गोल होतं तसा. इवलीने दुसरंही पाऊल खुपसलं.

"गलम," ती म्हणाली.

आणि तिचे डोळे मिटायला लागले. आधी अर्धे. मग आणखी थोडे. मग पूर्ण.

खिडकीशी धुकं उभं होतं. त्याने वाकून आत बघितलं. इवली झोपलेली. गुळगुळ्या झोपलेला. राणी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली. धुक्याने एवढी मोठी जांभई दिली की वाड्यातल्या सगळ्या समया मंद झाल्या. मग ते कौलांवरून उतरलं, शेतांवरून उतरलं, गाईंची शिंगं सोडली, आणि पाय ओढत ओढत दरीत जाऊन पडलं.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर ऊन. पिवळं, जाड, सायीसारखं. बायकांनी गोधड्या बाहेर काढल्या. नाचणीने मान वर केली. आणि गुळगुळ्या पडला अंगणाच्या मधोमध, चारी पाय पसरून. थोड्या वेळाने राणी बघते तर त्याची पाठ चटचट पोळलेली.

"एक निस्तरलं की दुसरं," राणी म्हणाली. तिने गार पाण्यात भिजवलेलं फडकं त्याच्या पाठीवर ठेवलं आणि त्याला सावलीत घेतलं.

राजाने विचार केला. मग आपली पांढरी, मोत्यांच्या झालरीची छत्री मागवली. "ही याला द्या. मला फेटा आहे."

तेव्हापासून त्या राज्यात गुळगुळ्या उन्हात निघाला की मागे छत्री धरणारा निघतो, आणि त्याच्या मागून राजा, डोळ्यांवर हात धरून. आणि हो, टाळूवरचे केस परत आले. चारच.

"बघ," आईसाहेब म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं, जावळ काढलं की येतात?"

नाचणी पिकली, भाकऱ्या झाल्या, सगळे पोटभर जेवले. राणी केवडासुद्धा सुखात आहे. तरी अजून ती पांघरुणात हात घालून इवलीचे पाय चाचपून बघते. पायाशी कुत्रा आहे हे माहीत असून बघते. त्याला काही उपाय नाही.

तुमचे गरम आहेत. मी मघाशीच बघितले. आता डोळे मिटा बरं. आपल्या खिडकीशीही कुणीतरी पेंगत उभं असेल. तुम्ही झोपलात की त्यालाही जाता येईल.